शाळेने मुलाची ‘असेसमेंट’ करून घ्यायला सांगितली तर

पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी येतात आणि पाठोपाठ ओपन हाउस असतं. बाई आईवडिलांना जरा बाजूला घेऊन सांगतात, “तोंडी विचारलं तर सगळं सांगते, पण वहीत काही उतरत नाही. एकदा सायको-एज्युकेशनल असेसमेंट करून घ्या.” घोडबंदर रोडच्या शाळेत असो की खारघरच्या, हे वाक्य ऐकून घरी परतणाऱ्या पालकांच्या मनात साधारण तेच प्रश्न असतात. आपल्या मुलीच्या डोक्यात काही दोष आहे का? शाळेला तिला काढायचंय का? नातेवाइकांना काय सांगायचं? आणि ही असेसमेंट म्हणजे नेमकं करतात तरी काय?

शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं की आधीचे तीन प्रश्न बरेचसे निवळतात.

नेमकं काय तपासतात

या तपासणीत दोन बाजू एकत्र पाहतात. एक, मूल विचार कसा करतं: ऐकलेलं लक्षात किती राहतं, कोडं सोडवताना डोकं कसं चालतं, शब्दांची समज कशी आहे. दुसरी, शाळेतल्या गोष्टी प्रत्यक्षात किती जमतात: वाचन, शुद्धलेखन, मनाने लिहिणं, गणित. पाचवीतलं मूल गप्पांमध्ये, तर्कात, सामान्य ज्ञानात वयाला साजेसं आहे, पण वाचन दुसरीच्या मुलासारखं अडखळत करतंय, असं दिसलं तर मधल्या तफावतीचं कारण शोधायचं. तपासणीचा गाभा हाच.

त्या कारणांपैकी एक म्हणजे अध्ययन अक्षमता, पालकांच्या बोलण्यात ‘एलडी’. बुद्धी व्यवस्थित, शिकवणं व्यवस्थित, तरीही मेंदू अक्षरं किंवा आकडे वेगळ्या तऱ्हेने हाताळतो म्हणून वाचन (डिस्लेक्सिया), लेखन (डिस्ग्राफिया) किंवा गणित (डिस्कॅल्क्युलिया) अडतं. पण तपासणीला पाठवलं म्हणजे एलडी निघालीच, असं मुळीच नाही. लक्ष टिकत नसेल, मनात कसली भीती असेल, एकूण शिकण्याचा वेगच कमी असेल, शाळेचं माध्यम मध्येच बदललं असेल, तर वहीत साधारण तसंच चित्र दिसतं. कधी काहीच निघत नाही, आणि तेही कळणं गरजेचं असतं.

माझं मत आधीच सांगते. या तपासणीतून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे या मुलाला कसं शिकवायचं याची दिशा. दहावीच्या सवलती त्यानंतर येतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत हा क्रम उलटा आहे. नववीत सर्टिफिकेटसाठी धावपळ होते, आणि तोवर मुलाची सहा-सात वर्षं ‘आळशी’ हे विशेषण ऐकण्यात गेलेली असतात.

आधी डोळे आणि कान

मानसशास्त्रज्ञाची वेळ घेण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि ऐकण्याची तपासणीही करून घ्या. ज्याला फळा धूसर दिसतो किंवा एका कानाने कमी ऐकू येतं, त्याचं लेखन बिघडणारच. चांगलं केंद्र हे रिपोर्ट मागतंच. बालरोगतज्ज्ञालाही एकदा दाखवावं. फीट येणं, थायरॉइड, रक्त कमी असणं, झोप नीट न होणं अशी कारणं तिथेच सापडू शकतात.

पहिली भेट मुलाची नसते, तुमची असते

या भेटीत तासभर प्रश्नच विचारले जातात. बाळंतपण कसं झालं, मूल कधी चालायला, बोलायला लागलं, घरात कुठली भाषा बोलतात, बालवाडीत काय सांगत होते, घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास होता का. या शेवटच्या प्रश्नापाशी कितीतरी वडील थबकतात, कारण त्यांना स्वतःची शाळा आठवते. डिस्लेक्सिया घराण्यात चालत येतो, त्यामुळे ही माहिती लपवू नका. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि निदानाला तिचा फार उपयोग होतो.

मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि वह्या सोबत न्या. वह्या खऱ्या न्या. आईने शेजारी बसून पुन्हा लिहून घेतलेली वही नको, खाडाखोड असलेली, अर्धवट सोडलेली हवी. चुकांची जातच तज्ज्ञांना बरंच सांगते: ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होते का, रफार गळतो का, काना-मात्रा सुटतात का, फळ्यावरून उतरवताना मधलीच ओळ गायब होते का. शाळेसाठी एक प्रश्नावलीही देतात. ती वर्गशिक्षकांकडूनच भरून घ्या, कारण घरातलं मूल आणि चाळीस मुलांच्या वर्गातलं तेच मूल यांत बराच फरक असू शकतो.

खोलीत काय होतं

बुद्धिमापन चाचणीला साधारण दीड-दोन तास लागतात आणि वाचन-लेखनाच्या चाचण्यांना जवळजवळ तेवढेच. लहान मुलांसाठी दोन किंवा तीन दिवसांत काम वाटून घेतात. पालक बाहेर थांबतात.

आत ठोकळ्यांवरून नक्षी जुळवणं, ऐकलेले आकडे त्याच क्रमाने आणि मग उलट्या क्रमाने सांगणं, दोन वस्तूंत सारखं काय ते ओळखणं, चित्रात काय कमी आहे ते शोधणं अशी कामं असतात. खरे प्रश्न मी मुद्दाम देत नाही, तुम्हीही इंटरनेटवर शोधून मुलाकडून सराव करून घेऊ नका. सरावाने गुण वाढतात, अडचण झाकली जाते, आणि ज्या मदतीसाठी एवढा खटाटोप केला तीच हातची जाते. याच कारणाने एक चाचणी झाल्यावर तीच पुन्हा लगेच घेत नाहीत, साधारण वर्षभराचं अंतर ठेवतात.

बाहेर आल्यावर मूल म्हणेल, “शेवटची मला आलीच नाहीत.” घाबरू नका. बऱ्याचशा उपचाचण्या मूल ओळीने काही उत्तरं चुकेपर्यंत चालू ठेवायच्या असतात, म्हणून प्रत्येक मुलाचा शेवट ‘न येणाऱ्या’ प्रश्नांवरच होतो. परीक्षक बरोबर-चूक सांगत नाहीत, तोही नियमच आहे. हे मुलाला आधीच सांगून ठेवलं तर त्याचा धीर सुटत नाही.

मुलाला सांगायचं काय? ‘परीक्षा आहे’ म्हणालात तर ते दडपणाखाली येईल. ‘खेळायला चाललोय’ म्हणालात तर तिथे पोचल्यावर फसवल्यासारखं वाटेल. खरं तेच सांगावं: “तुला वाचताना त्रास होतो ना, तो कशामुळे होतो ते शोधायला एका ताईंकडे जायचंय. त्या काही कोडी देतील, थोडं वाचायला-लिहायला सांगतील. काही सोपं असेल, काही अवघड. नापास कुणी होत नाही.” आदल्या रात्री झोप नीट झालेली असावी, सकाळी पोटभर खाल्लेलं असावं. ताप-सर्दी असेल तर तारीख बदलून घ्या.

आयक्यूचा आकडा कसा वाचायचा

आयक्यूच्या चाचण्या अशा बेतलेल्या असतात की त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० येते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान असतात. प्रत्येक आकड्याला थोडी हालचाल असते. आज १०२ आला म्हणजे खरा आकडा ९७ ते १०७ मध्ये कुठेतरी आहे, असंच समजायचं. ‘पर्सेंटाइल’ हा शब्दही रिपोर्टमध्ये येतो, तो टक्के नव्हे. ३० वा पर्सेंटाइल म्हणजे त्या वयाच्या शंभर मुलांत साधारण तीस मुलं या मुलाच्या मागे आहेत.

पालक एकूण आकड्यावर थांबतात. पण एलडीच्या बाबतीत सर्वांत कमी माहिती त्याच आकड्यात असते. चष्म्याचा नंबर काढताना एक डोळा उणे चार आणि दुसरा शून्य निघाला, तर दोन्हींची सरासरी काढून दोन्ही डोळ्यांना उणे दोनची काच कुणी बसवत नाही. इथेही तसंच. समजा, एका मुलीची शब्दांची समज ११८ आहे आणि कामापुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता ८२. एकूण आकडा येतो शंभरच्या आसपास, आणि घरचे म्हणतात, “नॉर्मल आहे की!” प्रत्यक्षात या मुलीला वर्गात धडा उत्तम समजतो, पण “वही काढा, पान ४२, तारीख घाला, तिसरा प्रश्न सोडवा” या एका दमात दिलेल्या सूचनांपैकी दोनच तिच्याजवळ उरतात. तिला ओरडून काही होणार नाही. सूचना एकेक करून दिल्या, फळ्यावर लिहून ठेवल्या, की तिचं काम सुरू होतं. हे कळतं ते सुट्या आकड्यांवरून.

या चाचण्या परक्या आहेत, आपल्या मुलांना कशा लागू पडतील, हा आक्षेप रास्त आहे. पण तो फार पूर्वीच लोकांच्या ध्यानात आला होता. बुद्धिमापनाच्या बिने चाचणीचं कन्नड आणि मराठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच केलं. मुलांसाठीची ‘मिसिक’ ही चाचणी १९६० च्या दशकात नागपूरला काम करणाऱ्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी तयार केली, ती आजही पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिची खरी उणीव वेगळी आहे. तिचे निकष जुन्या पिढीच्या मुलांवरून ठरवलेले आहेत, आणि जुन्या निकषांवर आजच्या मुलांचे आकडे थोडे फुगून येतात. कुठली चाचणी वापरणार, तिचे निकष किती जुने, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. निकष नवे हवेत असं वाटत असेल तर ‘विस्क’ या मुलांच्या बुद्धिमापन चाचणीची भारतीय आवृत्ती मिळते का, ते विचारा.

घरात मराठी, शाळा इंग्रजी

ठाणे-नवी मुंबईतल्या मराठी घरांसाठी हा प्रश्न सर्वांत कळीचा आहे, आणि याच मुद्द्यावर घाईची तपासणी सर्वांत जास्त फसते.

देवनागरीत बहुतेक वेळा लिहिलंय तसंच वाचायचं असतं. इंग्रजीत एकच अक्षर दहा शब्दांत दहा आवाज करतं. त्यामुळे डिस्लेक्सिया असलेलं मूल मराठी हळू पण बऱ्यापैकी बरोबर वाचू शकतं आणि इंग्रजीत पार कोलमडतं. दुसरीकडे, ज्याच्या घरी, बिल्डिंगमध्ये, मैदानावर कुठेही इंग्रजी नाही, ते मूल एलडी नसतानाही इंग्रजीत मागे पडतं. नुसती इंग्रजी चाचणी घेतली तर ही दोन मुलं कागदावर सारखीच दिसतात. म्हणून मूल ज्या भाषेत मोकळं बोलतं तिच्यात बुद्धिमापन व्हावं आणि वाचन-लेखन ते शिकत असलेल्या दोन्ही भाषांत तपासलं जावं, असा आग्रह धरा. मराठीत साधनं नाहीत, हे उत्तर स्वीकारू नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ हा डिस्लेक्सिया तपासणीचा संच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांसाठी तयार केला आहे.

“मोठा झाला की सुधारेल”

सातव्या वर्षापर्यंत अक्षरं उलटी काढणं पुष्कळ मुलांत दिसतं, त्यात काळजीचं कारण नसतं. पण तिसरीपर्यंत मुलं वाचायला शिकतात, पुढे वाचून शिकायचं असतं. चौथी-पाचवीत इतिहास, विज्ञान, गणितातली शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचनावर येऊन ठेपतं. तेव्हा मागे पडलेलं मूल एका विषयात मागे राहत नाही, सगळ्याच विषयांत राहतं, आणि “मला येतच नाही” हे स्वतःबद्दलचं मत त्याच सुमारास पक्कं होतं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एलडीची प्राथमिक चाचपणी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी करायला सांगितलं होतं, ते उगीच नव्हे. एलडी वयाबरोबर जात नाही. नीट शिकवणी मिळाली तर मूल तिच्यातून वाट काढायला शिकतं.

“शिक्का बसेल”

ही भीती खरी आहे आणि ती धुडकावून लावणं मला योग्य वाटत नाही. पण ज्या मुलाची तपासणी झालेली नाही, त्याच्यावरही शिक्का असतोच: ढ, आळशी, अभ्यासाचा कंटाळा. तो तपासून लावलेला नसतो, एवढंच. तपासणीनंतरचं नाव किमान खरं कारण सांगतं आणि त्यावर करण्यासारखं काही असतं. मुलंसुद्धा कित्येकदा हे ऐकून सुटकेचा श्वास सोडतात, कारण आपण मंद नाही हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी मोठं माणूस सांगत असतं.

रिपोर्ट तुमचा असतो. तो पूर्ण शाळेला देणं बंधनकारक मानू नका. त्यात घरातल्या खाजगी गोष्टीही असतात. निदान आणि शिफारशींची पानं दिली तरी शाळेचं काम चालतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एलडीचा समावेश आहे, आणि त्याच्या कलम १६ नुसार अशी अडचण लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय करणं ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी आहे. निदान सांगितलं म्हणून कुणी दाखला घेऊन जा म्हणत असेल, तर ते लेखी मागा.

कुणाकडे जायचं

बुद्धिमापन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने करावं आणि वाचन-लेखन-गणिताची तपासणी स्पेशल एज्युकेटरने, म्हणजे विशेष शिक्षकाने. दोघांचीही भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी. त्या नोंदणीचा क्रमांक, म्हणजे सीआरआर क्रमांक, विचारायला संकोचू नका. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारे स्टॉल मॉलमध्ये आणि कधी थेट शाळांतही लागतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. तिथे एक रुपयाही घालवू नका.

खासगीत या तपासणीला काही हजार रुपये पडतात आणि तारीख लवकर मिळते. सरकारी-महापालिका रुग्णालयांत खर्च नाममात्र, पण नंबर लागायला आठवडे, कधी महिने जातात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाचं एलडी क्लिनिक ठाणे आणि वाशी दोन्हीकडच्या पालकांना परिचयाचं आहे. एकूणच वाढ मागे असल्याची शंका असेल तर बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरलाच आहे, आणि नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग प्रशिक्षण केंद्र वाशीत.

एक गोष्ट नीट समजून घ्या: खासगी रिपोर्ट आणि सरकारी प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी रिपोर्टवर शिकवणी लगेच सुरू करता येते. बोर्डाच्या सवलतींसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि आता दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरून करायचा असतो. २०१८ च्या सूचनांनुसार एलडीचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षी, पुन्हा चौदाव्या आणि अठराव्या वर्षी घ्यायचं होतं, अठराव्या वर्षीचं आयुष्यभर चालायचं; आताचा नियम रुग्णालयात विचारून घ्या. लेखनिक, जादा वेळ, कॅल्क्युलेटर, काही विषयांना पर्याय अशा सवलती बोर्डागणिक बदलतात. केंद्राच्या लेखी परीक्षेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ धरला आहे. राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीला आहे, पण अर्ज शाळेमार्फतच जातात. म्हणून नववी सुरू होतानाच मुख्याध्यापकांना भेटा.

ज्यांच्यासाठी चौकटच नाही

इथे मला थांबून बोलायलाच हवं. त्याच २०१८ च्या सूचनांमध्ये एलडीची पुढची चाचणी आयक्यू ८५ च्या वर असेल तरच घ्यायची, असं म्हटलं होतं. बौद्धिक अक्षमतेची रेषा साधारण ७० च्या खाली येते. त्या सूचनांप्रमाणे मधली ७० ते ८५ ची मुलं दोन्हीकडून सुटत होती: एलडीचं प्रमाणपत्र नाही, दुसरंही नाही. वर्गात सर्वांत मागे बहुधा हीच मुलं असतात. त्यांना प्रत्येक गोष्ट जास्त वेळा, जास्त वस्तू हाताळून, छोट्या टप्प्यांत शिकावी लागते, आणि तसं शिकवलं तर ती शिकतात. लक्ष न टिकण्याचा त्रास, म्हणजे एडीएचडी, हाही २०१६ च्या कायद्याच्या यादीत स्वतंत्र नोंदलेला नाही. या मुलांच्या पालकांना “काही निघालं नाही” असं सांगून घरी पाठवणं अन्यायाचं आहे. निदानाची चौकट रिकामी राहिली तरी शिफारशींचं पान भरून मिळालंच पाहिजे, असं तपासणाऱ्याला ठणकावून सांगा.

रिपोर्ट मिळाल्यावर आणि नंबर लागेपर्यंत

रिपोर्ट नुसता ईमेलवर घेऊ नका, समोर बसून समजावून घ्या. शक्यतो आई आणि बाबा दोघांनीही जावं, नाहीतर घरी येऊन एकीलाच सगळ्यांना पटवत बसावं लागतं. विचारायचे प्रश्न असे: याची ताकद कशात आहे? आठवड्यातून किती तास रिमेडियल शिकवणी (मुलाची नेमकी अडचण धरून दिलेली खास शिकवणी) हवी, आणि ती कुठल्या गोष्टीपासून सुरू करायची? वर्गात बाईंनी नेमकं काय बदलायचं? घरी आम्ही काय थांबवायचं? ‘जास्त सराव द्या’ अशी मोघम शिफारस असेल तर ती परत करून नेमकी लिहून मागा. ‘रोज वीस मिनिटं जोडाक्षरं सुटी करून मोठ्याने वाचणं, विज्ञानाचा धडा आधी ऐकवणं, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद’ असं लिहिलेलं असलं की कामाला लागता येतं.

आणि सरकारी रुग्णालयाची तारीख चार महिन्यांनी मिळाली असेल, तर तोवर हातावर हात ठेवून बसू नका. रिमेडियल शिकवणीला सर्टिफिकेट लागत नाही. धडे मोठ्याने वाचून दाखवायला, उत्तरं तोंडी घ्यायला, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल खुणा न करता आशय पाहायलाही कुणाची परवानगी लागत नाही. वर्गशिक्षिकेला भेटून एवढं मागता येतं की, तारीख येईपर्यंत त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका.